इजोइड: नायजरच्या मुखावरचं छोटं भाषाकुळ नेमकं कुणाच्या घरातलं?

कोरांटी
मंगळवार, रात्री ९.४०

नायजेरियात नायजर नदी समुद्राला मिळते तिथला त्रिभुज प्रदेश आपल्याला माहीत असतो तो तेलविहिरींमुळे. त्या खाड्यांच्या आणि खारफुटीच्या मुलखात इजो लोक राहतात. त्यांच्या भाषांविषयी बरेच दिवस वाचते आहे आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इजो ही एक भाषा नव्हे, जवळच्या नात्यातल्या भाषांचा पुंजका आहे. पूर्वेकडे कालाबारी, ओक्रिका, इबानी आणि न्कोरो. त्यांच्या पश्चिमेला नेम्बे आणि त्याहून पश्चिमेला सगळ्यांत मोठी इझॉन. आतल्या भागात बिसेनी, ओरुमा अशी छोटी बेटं, चहूबाजूंनी परक्या भाषांनी वेढलेली. या सगळ्या एकमेकींच्या बहिणी आहेत यावर कुणाचा वाद नाही. त्यांच्याबरोबर डेफाका नावाची एक इवलीशी भाषा धरली की जे कुळ होतं त्याला इजोइड म्हणतात. आता प्रश्न असा, की हे कुळ नायजर-काँगो या महाकुळाची शाखा आहे की स्वतंत्र?

नायजर-काँगोत सुमारे १५०० भाषा धरतात. सेनेगलच्या वोलोफपासून दक्षिण आफ्रिकेच्या झुलूपर्यंत, मध्ये योरुबा, इग्बो, स्वाहिली. या महाकुळाची मोठी खूण म्हणजे नामांचे वर्ग. स्वाहिलीत माणूस 'म्टू', माणसं 'वाटू'. पुस्तक 'किताबू', पुस्तकं 'विताबू'. शब्दाची सुरुवात बदलते आणि तिच्याबरोबर विशेषण, क्रियापद सगळं बदलतं. काही शाखांत ही यंत्रणा झिजून गेली आहे, तरी तिचे अवशेष बहुतेक ठिकाणी सापडतात.

इजोत ही यंत्रणा चालू नाही. उलट इजोत लिंग आहे. तृतीय पुरुषी सर्वनामात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग वेगळं, आणि वस्तूंसाठी आणखी वेगळं. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून अंगवळणी असल्यामुळे यात काही विशेष वाटत नाही, पण त्या परिसरात हे फार वेगळं आहे. योरुबा, इग्बोत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द चालतो.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. योरुबा, इग्बो, स्वाहिलीत कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. इजोत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. गॅब्रिएल ओकारा या इजो लेखकाने १९६४ साली 'द व्हॉइस' ही इंग्रजी कादंबरी लिहिली, तेव्हा इजोची चाल त्याने मुद्दाम इंग्रजीत उतरवली होती. त्यातल्या कितीतरी वाक्यांत क्रियापद शेवटी येऊन बसतं. मराठी माणसाला ती वाक्यं इतरांपेक्षा कमी खटकतील.

आता वर्गीकरणाचा इतिहास. जोसेफ ग्रीनबर्गने १९६३ मध्ये आफ्रिकेच्या भाषांची मांडणी केली, त्यात इजो 'क्वा' या शाखेत टाकली, तीही त्या शाखेतला वेगळा उपगट म्हणून. १९७७ मध्ये बेनेट आणि स्टर्क यांनी शब्दयाद्यांची टक्केवारी काढून क्वा शाखेची फेरमांडणी केली आणि इजो तिच्यातून बाहेर पडली. १९८९ च्या मांडणीत इजोइड ही महाकुळाच्या बुंध्यापासून फार आधी फुटलेली फांदी ठरली. अलीकडे गेरिट डिमेन्डालसारखे अभ्यासक म्हणतात की पुरावा पाहता तिला स्वतंत्र कूळच मानावं. ग्लॉटोलॉग या जागतिक सूचीत इजोइड आज स्वतंत्र कूळ म्हणून दिसतं, तर एथनोलॉग ही दुसरी सूची तिला नायजर-काँगोतच ठेवते.

म्हणजे साठेक वर्षांत इजो मोठ्या घराच्या आतल्या खोलीतून ओसरीवर आली, आणि काहींच्या मते अंगणाबाहेर. मला हे मागे जाणं वाटत नाही. नातं सिद्ध झालेलं नसताना ते आहे असं लिहिणं सोपं असतं, कारण नकाशात रिकामा रंग दिसत नाही. माझं मत असं: जोवर ध्वनींची नियमित जुळणी दाखवली जात नाही तोवर इजोइडला तिच्या स्वतःच्या नावावर उभं राहू द्यावं.

इथे आफ्रिकेत राहून आलेले बरेच जण आहेत. लिहा.

---

कणीस
मंगळवार, रात्री १०.१५

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. आकड्यांकडे बघा. इझॉनमध्ये तीन म्हणजे 'तारू'. स्वाहिलीत 'ताटू', योरुबात 'मेटा', इग्बोत 'अतो', फुलानीत 'ताती'. चार म्हणजे इझॉनमध्ये 'नोइन'. इग्बोत 'अनो', स्वाहिलीत 'न्ने', फुलानीत 'नाय'. सेनेगलपासून केनियापर्यंत तीनमध्ये 'त' आणि चारमध्ये 'न' आहे. इजोतही तेच. हा योगायोग कसा म्हणायचा? नायजर-काँगो ओळखायची ही सगळ्यांत पक्की खूण मानतात ना?

---

कोरांटी
मंगळवार, रात्री १०.५०

कणीस, हा त्या बाजूचा सगळ्यांत वजनदार पुरावा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. के विल्यमसन ही भाषाअभ्यासक, जिने इजोसाठी आयुष्य दिलं, तीही इजोला नायजर-काँगोतच धरत होती.

पण दोन शब्दांवर कूळ ठरत नाही. हिंदी-मराठीची जोडी घेऊ. बीस-वीस, बाघ-वाघ, बिच्छू-विंचू, बेल-वेल, बिजली-वीज. हिंदीत शब्दारंभी 'ब' तिथे मराठीत 'व', आणि हे एकदा-दोनदा नाही, हाताला लागेल तिथे. याला नियमित जुळणी म्हणतात. असं घडायला दोन्ही भाषांनी एकाच जुन्या भाषेतून शब्द घेऊन आपापल्या रीतीने बदललेले असावे लागतात.

याच्या उलट, 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड'. उच्चार जवळपास सारखा, अर्थ तोच, आणि नातं शून्य. दोन्हींचा उगम वेगळा असल्याचं त्यांच्या जुन्या रूपांवरून दाखवता येतं.

इजोबाबत अडचण ही आहे, की तीन आणि चारपाशी जे दिसतं ते पुढे शरीराच्या अवयवांत, सर्वनामांत, साध्या क्रियापदांत त्याच नियमाने चालताना दिसत नाही. तुरळक सारखे शब्द आहेत. रांग लागत नाही.

---

खडूफळा
मंगळवार, रात्री ११.२०

गणिताच्या बाजूने एक भर. तुलनेला समोर १५०० भाषा असतील तर कुठल्याही शब्दासाठी कुठल्यातरी भाषेत सारखा शब्द सापडणारच. आज योरुबातला घ्यायचा, उद्या झुलूतला, परवा फुलानीतला. 'तारू'ला जोडी शोधताना आपण किती ठिकाणी शोधलं, हे मोजलं तरच सापडलेल्या जोडीला किंमत. ग्रीनबर्गच्या एकगठ्ठा तुलनेच्या पद्धतीवर हाच आक्षेप घेतला जातो.

अर्थात तीन-चारचं उदाहरण या आक्षेपाने मोडत नाही. ते शब्द इतक्या भाषांत आहेत की तिथे निवड करावीच लागत नाही. आक्षेप लागतो तो बाकीच्या यादीला.

---

सातपुडा
बुधवार, सकाळी ७.०५

मी बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात शिक्षक आहे. तुमचा वाद वाचताना मला आमच्याकडची निहाली आठवली, आणि आकड्यांच्या मुद्द्यावर तिचा थेट उपयोग आहे असं वाटतं.

निहाली बोलणारे आमच्या तालुक्यातल्या थोड्या गावांत आहेत, दोन-अडीच हजार माणसं. शेजारी कोरकू, जी मुंडा कुळातली. निहालीत कोरकूचे शब्द इतके, की बरेच दिवस लोक तिला कोरकूचीच बोली समजत. कायपर या डच अभ्यासकाने १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. शब्दसंग्रहाचा सुमारे पाव हिस्सा कुठल्याच शेजारी भाषेशी जुळत नाही हे त्याच्या पाहणीतून पुढे आलं. आज ती एकाकी भाषा मानतात. म्हणजे कुळात एकटी.

आता तिचे आकडे. दोन 'इरार', तीन 'मोथो', चार 'नालो'. कानडी येणाऱ्याने शेजारी 'एरडू, मूरू, नालकू' ठेवून पाहावं. आकडे सरळ द्राविडी वळणाचे, पण निहालीला द्राविडी कुणी म्हणत नाही. ते आकडे उसने आले असंच मानतात, आणि तेही अशा भागात जिथे आज शेजारी कोरकू आणि मराठी आहे.

तेव्हा 'लहान आकडे कुणी उसने घेत नाही' असं जे सहसा म्हणतात, तो नियम मी तरी मानणार नाही. बाजारात, देवाणघेवाणीत आकडेच पहिले येतात.

---

कणीस
बुधवार, सकाळी ८.३०

सातपुडा सर, हे माहीतच नव्हतं. माझ्याच राज्यातली भाषा आणि तिचे आकडे मी आज पहिल्यांदा वाचले. धन्यवाद.

आकड्यांचा मुद्दा यामुळे कमजोर झाला, मान्य. तरी एक शंका राहते. निहालीने आकडे घेतले ते एका विशिष्ट कुळाकडून, ते कूळ दाखवता येतं. इजोने तीन-चार कुणाकडून घेतले? इग्बोकडून घेतले असते तर रूप 'अतो, अनो'च्या जवळ हवं होतं. 'तारू'तला 'र' इग्बोच्या 'अतो'त नाही.

---

कोरांटी
बुधवार, दुपारी १.१०

शंका रास्त आहे. उसनवारी मानायची तर ती फार जुनी मानावी लागेल, आजचे शेजारी येण्याआधीची. ज्यांना इजो नायजर-काँगोत हवी आहे ते इथेच बोट ठेवतात, आणि ठेवायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच, की हा पुरावा 'नातं असू शकेल' इथवर नेतो. तिथून 'नातं आहे' इथपर्यंतचा रस्ता रांगेने जुळणाऱ्या शब्दांनीच भरावा लागेल.

आणि वरच्या लेखातलं लिंग आणि वाक्यरचना विरुद्ध बाजूचा पुरावा म्हणून कुणी वापरू नये. वाक्यरचना शेजाराने बदलते. क्रियापद शेवटी आणि तीन लिंगं एवढ्यावर कूळ ठरत असतं तर मराठी ही इजोची सख्खी बहीण ठरली असती. नामवर्ग नाहीत म्हणून नातं नाही, असंही म्हणता येत नाही. इतर काही शाखांनीही ते गमावले आहेत.

---

दर्यावर्दी
बुधवार, रात्री ९.००

जहाजावर इंजिनीअर होतो. बॉनी नदीच्या मुखाशी अनेक वेळा नांगर टाकून थांबलो आहे. बॉनी हे इबानी लोकांचं बेट, म्हणजे तुमच्या यादीतली पूर्व इजो. पण तिथल्या बाजारात मला इबानी क्वचितच ऐकू आली. पिजिन, म्हणजे तिथली मिश्र इंग्रजी, आणि इग्बो जास्त. तिथला इतिहासच तसा आहे. गुलामांच्या आणि मग पामतेलाच्या व्यापारात आतल्या भागातून इतकी इग्बो माणसं तिथल्या घराण्यांत सामील झाली, की भाषा हळूहळू पालटली. १८७० मध्ये बॉनीतून फुटून ओपोबो वसवणारा राजा जाजा जन्माने इग्बोच होता. ओपोबोत आज इग्बो चालते, आणि तरी ती माणसं आपलं मूळ इबानी सांगतात.

दुसरा मुद्दा, जो वर कुणी मांडला नाही. 'इजो' ही भाषा आणि 'इजो' ही ओळख एक नव्हे. १९५६ मध्ये नायजेरियात व्यापारी प्रमाणात पहिलं तेल सापडलं ते ओलोइबिरीला. ते गाव ओग्बिया लोकांचं. गुडलक जोनाथन, जे २०१० ते २०१५ राष्ट्राध्यक्ष होते, त्यांचं गाव ओटुओकेही ओग्बियातच. ओग्बिया राजकारणात स्वतःला इजो म्हणवतात आणि सगळा देश त्यांना इजो समजतो. पण त्यांची भाषा मध्य डेल्टा गटातली, क्रॉस रिव्हर शाखेची, म्हणजे निःसंशय नायजर-काँगो. आमच्या एजंटच्या होडीवरचा एक मुलगा ओग्बिया होता. मी त्याला इझॉन येते का विचारलं तर म्हणाला, 'आम्ही इजोच, भाषा वेगळी.' त्याला त्यात कोडं वाटत नव्हतं.

भाषेचं कूळ ठरवताना माणसांची ओळख ठरवायला जाऊ नये, एवढं मात्र वाटतं.

---

हिरवीपाटी
बुधवार, रात्री ९.४५

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद फार आवडला.

कोरांटीताई, उच्चारांबद्दल विचारायचं होतं. एका ध्वनिफितीत कालाबारी ऐकली. त्यात एक 'ब' असा येतो की ओठ मिटून हवा आत ओढल्यासारखी वाटते. मी उल्हासनगरात वाढले, आमच्या शेजारच्या सिंधी आजी असाच 'ब' बोलायच्या. तोच आहे का हा?

---

कोरांटी
बुधवार, रात्री १०.१०

हो, तोच प्रकार. अंतःस्फोटी म्हणतात त्याला. सिंधी देवनागरीत त्यासाठी खाली रेघ दिलेलं वेगळं अक्षर आहे: ॿ. त्याचा 'ड'चा भाऊ ॾ. कालाबारीत साधा 'ब' आणि हा आत ओढलेला 'ब' वेगळे, 'ड'चंही तसंच, आणि शिवाय ओठ आणि जिभेचा मागचा भाग एकदम वापरून म्हणायचा 'ग्ब' निराळा. तुमचा कान तयार आहे, बहुतेकांना हा फरक पहिल्यांदा ऐकू येत नाही.

पण हे ध्वनी त्या सगळ्या पट्ट्यात पसरलेले आहेत, कुळांच्या सीमा ओलांडून. त्यामुळे कूळ ठरवायला त्यांचा उपयोग कमी.

---

कालव्याकाठी
गुरुवार, पहाटे ३.२०

नेदरलँड्समधून. ही चर्चा पाहून राहवलं नाही, कारण इजोचा एक धागा थेट डच इतिहासात येतो.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या गयानात, बर्बिस नावाची डच वसाहत होती. १६२७ मध्ये आब्राहम फान पेरे या व्यापाऱ्याने ती सुरू केली. तिथे मळ्यांवर आणलेल्या गुलामांमध्ये नायजरच्या मुखावरचे पूर्व इजो बोलणारे इतके होते, की तिथे जी मिश्र भाषा जन्मली, बर्बिस डच, तिचा आफ्रिकी भाग जवळजवळ सगळा एकट्या पूर्व इजोचा आहे. कॅरिबियनमधल्या इतर मिश्र भाषांत आफ्रिकेच्या दहा भाषांचे अंश असतात आणि कुठला कुणाचा हे सांगताना दमछाक होते. इथे तसं नाही.

आणि नुसते शब्द नाहीत. माणसांच्या अनेकवचनाचा प्रत्यय '-आपू' इजोचा. 'झालं, केलं' असा पूर्ण अर्थ दाखवणारा '-ते' इजोचा. माणसं म्हणजे 'केनापू'. कपडे म्हणजे 'बिता', कालाबारीत कापड म्हणजे 'बिते'. प्रत्यय सहसा उसने जात नाहीत, ते इथे समुद्र ओलांडून गेले.

सगळ्यांना वाटत होतं की ही भाषा कधीच संपली. १९७५ मध्ये इयन रॉबर्टसन या अभ्यासकाला गयानात ती बोलणारी थोडी म्हातारी माणसं सापडली. १९८७ मध्ये स्मिथ, रॉबर्टसन आणि विल्यमसन यांनी तिच्यातल्या इजो अंशावर मिळून लेख लिहिला. सिल्व्हिया कौवेनबर्गने १९९४ मध्ये व्याकरण प्रसिद्ध केलं. २०१० मध्ये ती मृत भाषांच्या यादीत गेली.

माझा प्रश्न असा: हिला कुठल्या कुळात घालायची? शब्द बरेचसे डच, प्रत्यय इजो. वंशवृक्ष काढायची पद्धत अशा भाषेपाशी थांबते असं मला वाटतं.

---

कोरांटी
गुरुवार, सकाळी ८.००

कालव्याकाठी, तुमच्या प्रतिसादासाठी हा धागा काढल्याचं सार्थक झालं.

वंशवृक्ष अशा ठिकाणी थांबतो, खरं आहे. एक माय धरून चालणारी पद्धत आहे ती. बर्बिस डचला दोन आहेत, आणि दोन्हींची कागदपत्रं आपल्या हातात आहेत म्हणून ते कळतं. समजा ती वसाहत दोन हजार वर्षांपूर्वीची असती आणि डच भाषा मागमूस न ठेवता नाहीशी झाली असती, तर आज आपण बर्बिसला खुशाल इजोची दूरची मावशी ठरवून मोकळे झालो असतो. हे मनात ठेवून मी इजो आणि नायजर-काँगो यांच्याकडे पाहते. तिथेही असं जुनं मिश्रण झालेलं असेल तर दोन-चार पक्के शब्द आणि बाकी सगळं परकं, असंच चित्र दिसेल.

तिचा दुसरा उपयोग कालगणनेचा. '-आपू' आणि '-ते' बर्बिसला पोचले ते सतराव्या-अठराव्या शतकात. म्हणजे तेव्हाच्या पूर्व इजोत ते होतेच. इजोचा जुना लेखी पुरावा फार तुटपुंजा. कोएलेने १८५४ मध्ये फ्रीटाउनला सोडवलेल्या गुलामांकडून शब्द टिपून जो बहुभाषी कोश छापला त्यात इजोचे नमुने आहेत. त्याच्याही मागे नेणारी साक्ष गयानाच्या मळ्यांत मिळते.

कापडाचा शब्द आलाच आहे तर एक सांगते. कालाबारी स्त्रिया चौकड्यांच्या सुती कापडातले निवडक धागे धारदार पात्याने कापून ओढून काढतात आणि जुन्या कापडात नवी नक्षी उठवतात. त्याला 'पेलेते बिते' म्हणतात, कापलेलं कापड. ते चौकड्यांचं कापड मद्रासकडचं. तमिळ विणकरांचा माल शतकानुशतकं त्या खाड्यांत जात आला. लग्नाला, मयताला, मानाच्या प्रसंगाला कालाबारी घरांत ते लागतंच.

---

कणीस
गुरुवार, सकाळी ९.२०

डेफाकाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. लेखात एका ओळीत उरकलंय. मला वाटतं खरी किल्ली तिथे असेल. दोन भाषा फार पूर्वी फुटल्या असतील तर दोन्हींत शिल्लक असलेलं जुनं रूप शोधता येईल आणि त्याची तुलना नायजर-काँगोशी करता येईल.

---

कोरांटी
गुरुवार, दुपारी २.४५

बरोबर ओळखलंत, आणि तिथेच सगळ्यांत मोठी पंचाईत आहे.

डेफाका बोलणारे रिव्हर्स राज्यात, न्कोरो गावाच्या एका भागात आहेत. २००० च्या सुमारास मोजदाद सुमारे २०० माणसांची होती, आणि मुलं न्कोरोच बोलत होती. न्कोरो म्हणजे पूर्व इजो. चार्ल्स जेनेवारी या अभ्यासकाने १९८३ मध्ये मांडलं की डेफाका ही इजोची बोली नसून तिची सगळ्यांत जवळची नातेवाईक आहे. इजोइड हे कूळ त्या मांडणीवर उभं राहिलं.

पण डेफाका माणूस पिढ्यान्‌पिढ्या न्कोरोही बोलत आला. दोन्ही भाषा एकाच जिभेवर. मग डेफाकात इजोसारखं जे दिसतं ते आजीकडून आलं की शेजारणीकडून? क्रियापद शेवटी, लिंगभेद, कितीतरी शब्द, या सगळ्यालाच हा प्रश्न लागतो. काही अभ्यासक म्हणतात की साम्याचा मोठा भाग शेजाराचा असू शकतो. तसं असेल तर इजोइड हे कूळसुद्धा ढिलं होतं. एका बाजूला इजो, दुसऱ्या बाजूला एकटी डेफाका, आमच्या निहालीसारखी.

म्हणून मला नायजर-काँगोच्या वादापेक्षा हा आतला वाद जास्त निकडीचा वाटतो. नायजर-काँगो शंभर वर्षांनीही तपासता येईल. स्वाहिली कुठे जात नाही. डेफाका वेगळी कशात आहे हे सांगणारी माणसं मात्र म्हातारी आहेत. अकिनबियी अकिनलाबी आणि ब्रूस कॉनेल यांच्या गटाने या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे जाऊन ध्वनिमुद्रणं केली, वाक्यरचनेवर काम केलं. एवढ्या छोट्या भाषेच्या मानाने ते बरंच झालं. पण कुळाचा निवाडा करायला पाहिजे तो जुना, रोजच्या वापरातून गेलेला शब्दसंग्रह: माशांची नावं, जाळ्यांचे भाग, नात्यांचे शब्द, देवकार्यातली भाषा. न्कोरोतून न आलेलं काही असेल तर ते अशा कोपऱ्यांत असेल.

---

सातपुडा
गुरुवार, सायंकाळी ६.३०

नेमकं हेच निहालीत. रोजच्या बोलण्यात कोरकू आणि मराठी वाढते आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून निहालीवर काम झालं आहे, अभ्यासक इकडे येऊन राहिले आहेत. पण शाळेत मूल आलं की पहिल्या दिवसापासून मराठी, घरी परतलं की कोरकू मित्र. मी वर्गात मुलांना त्यांच्या आजीचे शब्द फळ्यावर लिहायला सांगतो. त्यातले काही शब्द वर्गातल्या इतर निहाली मुलांनाही नवे असतात.

---

हिरवीपाटी
गुरुवार, रात्री ८.१५

सातपुडा सर, ते फळ्यावरचे शब्द कुठे उतरवून ठेवता का? वहीत तरी? मोबाइलवर आजींचा आवाज घेतलात तर आणखी उत्तम. अर्थ, गाव आणि सांगणाऱ्याचं साधारण वय एवढं सोबत असलं तरी पुढे अभ्यासकाला ते सोन्यासारखं.

---

सातपुडा
गुरुवार, रात्री ८.५०

वही आहे. आवाजाचं मनावर घेतो. घरच्यांना विचारूनच करेन.

---

दर्यावर्दी
गुरुवार, रात्री ९.३०

के विल्यमसनबद्दल एक राहिलं. पोर्ट हारकोर्टमध्ये तिचं नाव आदराने घेतात. ब्रिटिश बाई, इबादानला आणि मग पोर्ट हारकोर्ट विद्यापीठात शिकवलं, २००५ मध्ये वारली तोवर नायजेरियाच सोडला नाही म्हणायला हरकत नाही. १९६५ मध्ये तिने इझॉनच्या कोलोकुमा बोलीचं व्याकरण छापलं. त्याहून मोठं काम मला वाटतं ते शाळेच्या पुस्तकांचं. सत्तरच्या दशकात रिव्हर्स रीडर्स नावाच्या प्रकल्पात त्या राज्यातल्या डझनभराहून जास्त छोट्या भाषांत मुलांची वाचनमाला काढली, त्यात तिचा आणि तिच्या नायजेरियन सहकाऱ्यांचा मोठा वाटा. सातपुडा सरांचं वाचून ते आठवलं.

---

खडूफळा
गुरुवार, रात्री १०.००

मूळ प्रश्नाकडे परत. इजोसारखी आणखी प्रकरणं आहेत का, की हीच एक अडलेली?

---

कोरांटी
गुरुवार, रात्री १०.४०

आहेत. मालीतल्या बांदियागारा कड्यावरच्या डोगॉन भाषा. ग्रीनबर्गने त्या नायजर-काँगोच्या गुर शाखेत घातल्या, पुढे त्या वेगळी फांदी झाल्या, ग्लॉटोलॉगमध्ये आज स्वतंत्र कूळ. तिथेही क्रियापद शेवटी, आणि तीन-चारचे आकडे नायजर-काँगोच्या वळणाचे. त्याच कड्याच्या पायथ्याला बांगिमे नावाची भाषा आहे. बोलणारे स्वतःला डोगॉन समजतात, भाषा मात्र डोगॉन नाही आणि दुसऱ्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही. दर्यावर्दींनी सांगितलेल्या ओग्बियांसारखंच, फक्त उलट्या अंगाने. पश्चिम आफ्रिकेतलं मांदे हे तर कोट्यवधी लोकांचं मोठं कूळ, त्याच्याही नायजर-काँगोतल्या सदस्यत्वावर प्रश्न आहे. डोगॉनवर वेगळा धागा काढावा लागेल, जेफ्री हीथ आणि त्यांच्या गटाने तिथे इतकं काम केलं आहे.

---

सातपुडा
शुक्रवार, सकाळी ७.२०

एक व्यावहारिक प्रश्न. शाळेत जगातल्या भाषाकुळांचा तक्ता लावतो आहे. मुलांनी रंगवायचा. इजोइडला नायजर-काँगोचाच रंग देऊ की वेगळा?

---

कोरांटी
शुक्रवार, सकाळी ८.१०

वेगळा द्या, सर. आणि नायजर-काँगोपर्यंत एक तुटक रेघ काढा, शेजारी प्रश्नचिन्ह. डेफाका आणि इजो यांच्या मध्येही तशीच तुटक रेघ हवी. निहालीचा चौकोन त्याच तक्त्यावर घ्या, तिचा स्वतःचा रंग देऊन, कोरकूच्या बाजूला.

---

कणीस
शुक्रवार, सकाळी ८.२५

माझी हरकत फक्त रेघेच्या जाडीला. तीन आणि चारसाठी ती जरा ठळक काढा.

---

सातपुडा
शुक्रवार, सकाळी ८.४०

ठळक तुटक रेघ. ठरलं. निहालीचा रंग वर्गातली निहाली मुलंच निवडतील.